दाढ काढा, पण मला कळू देऊ नका

माझ्या आत्याने चार वर्षं डाव्या बाजूने एक घास चावला नाही. भाकरी, शेंगा, कैरीची फोड, सगळं उजवीकडे. डावीकडच्या खालच्या दाढेला खड्डा पडला होता. त्यात रात्री लवंगेच्या तेलाचा बोळा जायचा आणि सकाळी ‘आता बरं आहे’ असं जाहीर व्हायचं. बाई एरवी भित्री नाही. दोन बाळंतपणं झाली, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, एकदा न्हाणीघरात शिरलेला साप तिने एकटीने काठीने बाहेर काढला. पण दातांच्या दवाखान्याच्या जिन्यात ड्रिलचा तो बारीक कर्कश आवाज कानावर पडला की हिच्या तळहातांना घाम. शेवटी गाल सुजला तेव्हा ती तयार झाली, तीही एका अटीवर. ‘दाढ काढा म्हणावं, पण मला कळता कामा नये. पूर्ण भूल द्या.’

मी तिच्यासोबत सांगलीत तीन खेपा घातल्या. तिला हवी होती ती ‘पूर्ण भूल’ आणि तिला मिळालं ते औषध, या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. मधे आणखी दोन-तीन पर्याय आहेत हेही तेव्हाच कळलं. घरोघरी अशी एखादी आत्या असतेच, म्हणून हे जरा विस्ताराने.

दुखणं वेगळं, धास्ती वेगळी

गोंधळाचं मूळ शब्दातच आहे. मराठीत हिरडीत टोचतात तीही भूल, ऑपरेशन थिएटरात झोपवतात तीही भूल. प्रत्यक्षात दोघींचा संबंध शरीराच्या वेगवेगळ्या टोकांशी आहे.

हिरडीतलं इंजेक्शन दुखण्याचा निरोप वाटेतच अडवतं. नसेतून निरोप पुढे सरकतो तो सोडियमचे कण नसेच्या आत शिरत जातात म्हणून. लिग्नोकेन हे औषध ती दारं बंद करतं. दाढेत काय चाललंय ते मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं, पाचेक वर्षांनी बाजारात आलं, आणि आजही जगभरातले दंतवैद्य त्याच्याच जिवावर दाढा काढतात. त्यात बहुतेक वेळा थोडं अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं असतं. ते रक्तवाहिन्या आकसून औषध जागच्या जागी धरून ठेवतं. टोचल्यावर अर्धा-एक मिनिट छातीत धडधड होते ती बऱ्याचदा यामुळेच. ‘मला त्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे, जीव घाबरा होतो’ असं सांगणाऱ्या अनेकांची अ‍ॅलर्जी म्हणजे ही धडधड असते. तरी डॉक्टरांना ते सांगायचंच. ठरवू दे त्यांना.

गुंगीचं औषध यातलं काहीच करत नाही. ते मेंदूवर काम करतं आणि धास्ती उतरवतं. दाढेची नस तशीच जागी राहते. म्हणूनच गुंगी दिली तरी हिरडीतलं इंजेक्शन चुकत नाही. फरक एवढाच की ते टोचलं जात असताना तुम्हाला त्याचं फारसं काही वाटत नाही. आत्याला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिचा चेहरा फसवणूक झाल्यासारखा झाला. ‘म्हणजे सुई आहेच?’ सुई आहेच.

मग गुंगी द्यायचीच कशाला? कारण घाबरलेल्या माणसाला तेच दुखणं जास्त लागतं. तो ऐन वेळी मान फिरवतो, ड्रिल चालू असताना हात धरतो, त्याचं ब्लड प्रेशर चढतं, आणि अर्धवट रूट कॅनाल सोडून तो जो जातो तो दोन वर्षांनी सुजलेल्या गालानेच परत येतो. तेव्हा दात वाचण्याची वेळ गेलेली असते. शिवाय त्या सुजेची आणखी एक खोड आहे. पू झालेल्या जागी आम्लता वाढते, आणि आम्लात लिग्नोकेनचा बराचसा भाग नसेच्या आवरणातून आत जाऊ शकत नाही अशा रूपात अडकून पडतो. इंजेक्शन दिलं, पण ‘चढलंच नाही’ असं जे होतं ते यामुळे. आत्याच्या भीतीची गोष्ट इथेच सुरू झाली होती. लग्नाआधी एकदा ठणकणारी, सुजलेली दाढ तशीच काढली होती. भूल दिली होती, ती लागली नव्हती, आणि दोघांनी खांदे धरले होते. ती दाढ गेली, ते खांदे धरणं पस्तीस-चाळीस वर्षं राहिलं. या वेळच्या डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं, आधी पू काढून टाकला, पाच दिवस औषधं दिली आणि मगच दाढ काढायची तारीख ठरवली. माझ्या मते तिची निम्मी भीती तिथेच उतरली, एकही गुंगीचं औषध पोटात न जाता.

(तिची दुसरी भीती, वरची दाढ काढली की नजर अधू होते ही, मात्र कोणत्याच औषधाने उतरली नाही. वरच्या दाढांची नस आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस वेगळ्या आहेत, असं कितीही सांगा. ‘आमच्या शेजारच्यांना झालं’ यापुढे शास्त्र हरतं.)

हाक मारली तर ‘ओ’ येतेय का?

गुंगी किती खोल आहे हे मोजायला डॉक्टर एक अगदी घरगुती वाटणारी कसोटी वापरतात. माणसाला हाक मारली तर काय होतं?

पहिल्या पायरीवर माणूस जागाच असतो, नेहमीसारखं उत्तर देतो, फक्त निवांत असतो. दुसऱ्या पायरीवर डोळे मिटलेले, पण हाक मारली किंवा खांद्याला हलकं थोपटलं की ‘हं’ म्हणतो, तोंड उघडा म्हटलं की उघडतो. श्वास स्वतःचा स्वतः घेतो. तिसरीवर हाक पुरत नाही, पुन्हा पुन्हा हलवावं लागतं किंवा चिमटा काढावा लागतो, आणि जीभ मागे पडून श्वास अडण्याची शक्यता सुरू होते. चौथी म्हणजे खरी पूर्ण भूल, जिथे दुखवूनही माणूस जागा होत नाही आणि श्वासाची जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी लागते.

पायऱ्या म्हटलं खरं, पण ही खरं तर उतरण आहे, आणि निसरडी आहे. ज्या डोसने एक जण नुसता हसरा होतो, त्याच डोसने दुसरा घोरायला लागतो. म्हणून नियम असा की ज्या पायरीवर थांबायचं ठरवलं आहे, त्याच्या एक पायरी खाली रुग्ण घसरला तर त्याला सावरता येईल एवढी तयारी समोरच्याकडे हवी. दाताच्या कामात याला जास्त महत्त्व आहे, कारण डॉक्टर काम करतात ते तोंडात, आणि श्वासाची वाटही तीच. पोटाच्या ऑपरेशनला भूलतज्ज्ञ डोक्याशी बसतात आणि सर्जन पोटाशी; इथे दोघांना एकच दार वापरायचं असतं. त्यात ड्रिलचं पाणी, रक्त, लाळ, दाताचा तुकडा. जागा माणूस ते थुंकतो, खोकतो. फार गुंगीतला माणूस खोकत नाही. दातांसाठी बहुतेकांना दुसऱ्या पायरीपर्यंतच नेतात ते एवढ्यासाठी. ‘अजून थोडं द्या ना डॉक्टर’ हा आग्रह करू नये तोही एवढ्यासाठीच.

सुरुवात औषधाशिवाय

याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते समजायला सोपं आहे. करायला मात्र डॉक्टरांकडे वेळ लागतो. टोचायच्या जागी आधी बधिर करणारा जेल लावून दोन मिनिटं थांबायचं. इंजेक्शन सावकाश द्यायचं, कारण सुईपेक्षा औषध जोरात आत ढकललं की जास्त दुखतं. लहान मुलांना आधी सांगायचं, मग आरसा-नळी हातात देऊन दाखवायचं, मगच करायचं. आणि हाताची खूण ठरवायची: डावा हात वर केला की मशीन बंद. ही खूण ठरली की गंमत अशी होते की बरेच जण एकदा हात वर करून बघतात, मशीन खरंच थांबलं की पुन्हा करत नाहीत.

कोणाला पुढची मदत लागेल हे ठरवायला एक छोटी प्रश्नावली आहे. उद्या दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय, बाहेर थांबलाय, ड्रिल होणार आहे, दात साफ करणार आहेत, इंजेक्शन देणार आहेत: या पाच प्रसंगांत किती भीती वाटते त्याला प्रत्येकी १ ते ५ गुण. बेरीज १९ किंवा जास्त आली तर भीती नुसती ‘नको वाटतं’ या पातळीची राहिलेली नाही असं धरतात. आत्याचे २१ आले. दात साफ करण्याला तिने २ दिले, कारण ‘त्याला काय घाबरायचं, ते मी करणारच नाही.’

गोळी

सगळ्यात सोपा मार्ग. डायझेपाम, अल्प्राझोलाम या घराण्यातली गोळी, आदल्या रात्री किंवा कामाच्या तासभर आधी. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, ते पेशींना ब्रेक लावण्याचं काम करतं; या गोळ्या तो ब्रेक थोडा घट्ट करतात. भीती ओसरते, अंग सैल पडतं.

गोळीचा दोष तिच्या सोयीतच आहे. एकदा गिळली की परत घेता येत नाही, कमी-जास्त करता येत नाही. कोणाला अर्ध्या तासात चढते, कोणाला दीड तासाने, म्हणजे दाढ काढून झाल्यावर. डायझेपामचा अंमल शरीरातून निम्मा उतरायलाच एक दिवसाहून जास्त लागू शकतो. वयस्करांना झोक जातो. आणि थोड्या लोकांना, विशेषतः मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना, उलटंच होतं: शांत व्हायच्या ऐवजी ती चिडतात, रडतात, उठून चालायला लागतात.

ही औषधं आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, केमिस्टला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. पण घरात कोणाची तरी झोपेची गोळी असतेच आणि ‘माझ्यातली अर्धी घेऊन जा’ म्हणणाऱ्या काकूही असतात. घेऊ नका. घेतलीच असेल तर खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण तिच्यावर दुसरं औषध चढलं तर दोघांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. धीर यावा म्हणून दोन पेग मारून येणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

वायू

नाकावर रबराचं छोटं झाकण ठेवून ऑक्सिजनबरोबर नायट्रस ऑक्साइड देतात. हाच तो लाफिंग गॅस, जरी त्याने दवाखान्यात फारसं कोणी हसत नाही. दातांशी त्याचं नातं जुनं आहे. १० डिसेंबर १८४४ ला अमेरिकेत हार्टफर्ड गावात गार्डनर कोल्टन नावाच्या माणसाने या वायूचा करमणुकीचा खेळ लावला होता. वायू हुंगून नाचणाऱ्या एकाच्या पायाला चांगलंच लागलं आणि त्याला पत्ताच नाही, हे प्रेक्षकांत बसलेल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने पाहिलं. दुसऱ्याच दिवशी त्याने कोल्टनला बोलावून स्वतः वायू घेतला आणि दुसऱ्या दंतवैद्याकडून आपली दाढ काढून घेतली. कळलं नाही म्हणे. पुढच्या वर्षी बोस्टनच्या डॉक्टरांसमोर प्रयोग करायला गेला, तेव्हा रुग्ण कण्हला आणि सभेने ‘थोतांड’ म्हणून त्याला हसून काढलं. १८४६ मध्ये त्याचाच जुना विद्यार्थी विल्यम मॉर्टन याने त्याच शहरात ईथर वापरून नाव कमावलं. वेल्स १८४८ साली, अवघ्या ३३ व्या वर्षी, वाईट अवस्थेत गेला.

बिचाऱ्याचं नशीब वाईट, पण वायूच्या अंगातही तेवढं बळ नाही. नेहमीच्या हवेच्या दाबाला एकट्या नायट्रस ऑक्साइडने माणसाला ऑपरेशनइतकं झोपवायचं तर हिशेबाने १०० टक्क्यांहून जास्त द्यावा लागेल, आणि मग श्वासाला ऑक्सिजन कुठून आणणार? वेल्सच्या वेळी तो ऑक्सिजन न मिसळताच देत. आजच्या दातांच्या मशीनमध्ये तशी सोयच ठेवलेली नाही: ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली जाऊच शकत नाही, ऑक्सिजन संपला तर वायू आपोआप बंद होतो. त्यामुळे वेल्सला ज्याने दगा दिला तेच आता या वायूचं सुरक्षिततेचं कारण झालं आहे. तो माणसाला पहिल्या पायरीवर ठेवतो, फार खाली नेत नाही.

देण्याची पद्धत सावकाश असते. आधी नुसता ऑक्सिजन, मग वायू दहा-दहा टक्क्यांनी वाढवत जायचं. बोटांच्या टोकांना मुंग्या, अंगात ऊब, हातपाय जड किंवा उलट हलके, आवाज लांबून आल्यासारखे. बहुतेकांना ३० ते ५० टक्क्यांत पुरतं. मळमळायला लागलं तर जास्त झालंय, कमी करायचं; मिनिटभरात फरक पडतो. काम झालं की पाचेक मिनिटं पुन्हा शुद्ध ऑक्सिजन, कारण रक्तातला वायू एकदम फुप्फुसांत बाहेर येतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. त्यानंतर डोकं बऱ्यापैकी ताळ्यावर येतं. उपाशी राहायची सहसा गरज नाही, हलकं खाऊन चालतं.

चालत नाही ते कोणाला? ज्याचं नाक चोंदलंय त्याला, कारण वायू नाकानेच घ्यायचा आहे. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत टाळतात. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन करून आत वायूचा बुडबुडा सोडलेला असेल तर अजिबात नाही, कारण नायट्रस ऑक्साइड त्या बुडबुड्यात शिरून तो फुगवतो आणि डोळा जाऊ शकतो. आणि एक गोष्ट आपल्याकडे मुद्दाम विचारायला हवी: बी-१२. हा वायू शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. ज्याच्याकडे साठा आहे त्याला एका बैठकीने काही होत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घरांत बी-१२ आधीच तळाला असतं. हातापायांना मुंग्या येतात म्हणून इंजेक्शनं चालू असतात. अशांनी ते आधी सांगावं.

अडचण अशी की हे मशीन महाग, वापरलेला वायू खेचून बाहेर सोडायची सोयही लागते, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक दवाखान्यात ते नसतं. आत्यासाठी आम्ही विचारलं तेव्हा तिथे नव्हतं. मुलांचे दात बघणाऱ्या डॉक्टरांकडे आणि डेंटल कॉलेजांत मिळण्याची शक्यता जास्त.

शिरेतून

आत्याला शेवटी मिळालं ते हे. भूलतज्ज्ञ मॅडम ठरलेल्या वेळी दवाखान्यात आल्या. डबा उघडून त्यांनी आधी सामान मांडलं: ऑक्सिजनची नळी, तोंडावर धरायचा मास्क आणि फुगा, लाळ खेचायचं मशीन, औषधांच्या बारक्या बाटल्या. मग हाताच्या मागच्या बाजूला सुई. आत्याने दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं होतं.

मिडाझोलाम हे औषध. आधी एक मिलिग्रॅम दिलं आणि मॅडम थांबल्या. नुसत्या थांबल्या, घड्याळाकडे बघत, आत्याशी गप्पा मारत. दोन-तीन मिनिटांनी अर्धा मिलिग्रॅम. पुन्हा थांबल्या. गोळी आणि हे यांतला सगळा फरक त्या थांबण्यात आहे: औषध थेट रक्तात जातं, परिणाम डोळ्यांसमोर दिसतो आणि पाहून पुढचं ठरवता येतं. साठीच्या पुढे तर थोडक्यात भागतं. तिसऱ्या वेळी आत्याच्या पापण्या अर्ध्यावर आल्या, माझ्या मनगटावरची पकड सुटली आणि शब्द जड झाले. ‘काकू, तोंड उघडा.’ उघडलं. ‘दुखतंय?’ ‘उंहूं.’ तोपर्यंत हिरडीतलं इंजेक्शन देऊनही झालं होतं. दाढेची दोन मुळं वेगळी करून काढावी लागली, वीस-पंचवीस मिनिटं गेली, आणि तेवढ्यात ती हाकेला ‘हं’ देत होती. मधे एकदा डॉक्टरांनी विचारलं नसताना शेंगाच्या चटणीत लसूण किती घालायचा तेही सांगून झालं.

मॅडमचं लक्ष मात्र तोंडाकडे नव्हतं, छातीकडे होतं. बोटाला ऑक्सिमीटर होता, कोविडपासून तो सगळ्यांना माहीत आहे. पण नाकात ऑक्सिजनची नळी असेल तर श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ ९९ दाखवत राहतो. आकडा पडेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून नळीतून बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र लावतात. श्वास थांबला की त्याच्या पडद्यावरची लाट लगेच सपाट होते. आणि सगळ्यांत जुनं यंत्र म्हणजे छाती वर-खाली होतेय का ते बघणारे डोळे. दाढ काढणाऱ्याचे डोळे दाढेवर असतात, त्यामुळे हे डोळे दुसऱ्या कोणाचे तरी हवेत. दवाखान्यात विचारायचा एकच प्रश्न निवडायचा झाला तर मी हाच निवडीन: काम चालू असताना फक्त माझ्या श्वासाकडे कोण बघणार आहे? औषधाचं नाव दुय्यम आहे.

मिडाझोलाम जास्त झालं तर त्यावर उतारा आहे, फ्लुमाझेनिल. पण उताऱ्याचा अंमल मूळ औषधाआधी संपू शकतो, म्हणून तो दिला तरी रुग्णाला बसवून ठेवतात, घरी पाठवत नाहीत. प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं औषध याहून वेगाने चढतं, वेगाने उतरतं, पण दुसऱ्या पायरीवरून चौथीवर कधी नेईल सांगता येत नाही, आणि त्याला उतारा नाही. ते भूलतज्ज्ञांनीच द्यावं. डेक्समेडेटोमिडिन हे नवं औषध मुलांच्या नाकात फवारूनही देता येतं, झोप नैसर्गिक झोपेसारखी येते, नाडी मात्र मंद होते.

आणि खरी पूर्ण भूल

ती हॉस्पिटलच्या थिएटरातच, घशातून किंवा नाकातून श्वासनलिकेत नळी घालून. तीन-चार वर्षांचं मूल, दहा-बारा दात किडलेले, खुर्चीत बसतच नाही, अशा वेळी एकाच झोपेत सगळं उरकणं हे पाच वेळा धरून-बांधून करण्यापेक्षा पुष्कळ बरं. स्वमग्न किंवा मतिमंद मुलांसाठी, हाडात आडव्या रुतलेल्या अक्कलदाढांसाठी, जबड्याच्या मोठ्या कामासाठीही. एका साध्या दाढेसाठी मात्र धोका आणि खर्च दोन्ही उगाच वाढतो. आत्याची अट डॉक्टरांनी मानली नाही ती यामुळे.

लपवू नयेत अशा गोष्टी

तपासणीत मॅडमनी तिला विचारलं, घोरता का? झोपेत श्वास अडकून जाग येते का? ज्यांना येते, त्यांची जीभ गुंगीत आणखी सहज मागे पडते. मग म्हणाल्या, तोंड उघडा, आणि स्वतःची तीन बोटं उभी धरून आत बसतात का ते पाहिलं. ही साधी तपासणी आपल्या भागात फार मोलाची आहे. गुटखा, मावा, सुपारी वर्षानुवर्षं खाणाऱ्यांच्या गालाची आतली कातडी दोरखंडासारखी ताठ होते, तोंड दोन बोटंही उघडत नाही. अशा माणसाचा श्वास अडला तर नळी घालायला वाटच नसते. बायकोसमोर ‘छे, मी नाही खात’ म्हणणाऱ्या मंडळींनी निदान भूलतज्ज्ञांना एकांतात खरं सांगावं.

पोट रिकामं हवं. जड जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर सहा, साध्या पाण्यानंतर दोन. गुंगीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. इथे आपला घात करतो तो चहा. ‘काही खाल्लं नाही, फक्त अर्धा कप चहा’ यातला दुधाचा चहा हे खाणंच धरतात, सहा तासवालं. आमची पहिली तारीख त्या अर्ध्या कपामुळेच हुकली. याच्या उलट, नुसतं हिरडीतलं इंजेक्शन घेऊन दाढ काढायची असेल तर खाऊन जायचं; उपाशीपोटी आणि घाबरलेले लोकच खुर्चीत चक्कर येऊन पडतात. ब्लड प्रेशरची गोळी बहुधा सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, मधुमेहाची उपाशीपोटी घेतली तर साखर उतरू शकते. हे दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवायचं, आपल्या मनाने नाही.

सोबत मोठं, जबाबदार माणूस हवं आणि ते रात्रभर घरात हवं. पुढचे २४ तास गाडी नाही, गॅसपाशी एकटं नाही, बँकेच्या किंवा जमिनीच्या कागदावर सही नाही. माणूस बोलतो नीट, चालतो नीट, पण विचार पक्का नसतो.

ते मला परत येताना रिक्षात कळलं. मिडाझोलामचा एक गुण म्हणजे ते अंगात असतानाचं मेंदू साठवतच नाही. ‘मग कधी काढणार दाढ?’ आत्याने विचारलं. काढली, म्हटलं. तोंडात कापूस आहे बघ. ‘हो का?’ म्हणून ती बाहेर बघत बसली, आणि कॉलेज कॉर्नर येईपर्यंत तिने हेच दोनदा पुन्हा विचारलं. चटणीची कृती सांगितलेली तिला आजही मान्य नाही. ती म्हणते, मी गाढ झोपले होते.

घरी आल्यावर अर्धा ओठ सुन्नच होता. तो तीन-चार तास राहतो, तेवढ्यात ओठ चावला जातो, कडक गरम काही प्यायलं तर भाजलेलं कळत नाही आणि दाढेच्या खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठही सुटू शकते. पाच वाजता ती उठून ओट्याकडे निघाली. मी तिला परत बसवलं आणि चहा केला, कोमट, कागदावर लिहून दिल्याप्रमाणे. तिने एक घोट घेतला, कप माझ्याकडे परत दिला आणि म्हणाली, ‘दाढ काढली ते ठीक आहे गं. पण याला काही चहा म्हणत नाहीत.’